जेम्स वेल्स आणि उत्तर पेशवाईची चित्रसाधने

उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यास कागदांची उणीव भासत नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर, सरदार घराण्यांची खाजगी दफ्तरे, बखरी, आणि इंग्रज वकिलातीचा पत्रव्यवहार, ज्यातील मॅलेटच्या कारकीर्दीचा भाग सरदेसाई यांनी १९३६ मध्ये संपादून प्रसिद्ध केला, अशी विपुल सामग्री उपलब्ध आहे. परंतु या कागदांतून वावरणारी माणसे दिसत कशी होती, हा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे सामग्री एकदम आटते. सवाई माधवरावाची कोवळी मुद्रा, नाना फडणिसाचा कृश व उभट चेहरा, महादजी शिंद्याची भारदस्त आकृती ही जी रूपे शालेय पुस्तकांपासून सभागृहांतील तसबिरींपर्यंत महाराष्ट्राच्या मनात ठसली आहेत, त्यांच्या मुळाशी बव्हंशी एकाच परकीय चित्रकाराचा हात आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरून आलेल्या जेम्स वेल्सचा तो हात होय. वेल्सची चित्रे इतकी परिचित झाली आहेत की ती चित्रे आहेत, म्हणजे कोणीतरी, कोणासाठी तरी, काही हेतूने काढलेली आहेत, याचा विसर पडतो. साधन म्हणून त्यांची परीक्षा करताना हा विसर पडून चालत नाही.

वेल्सचा जन्म १७४७ मध्ये अ‍ॅबर्डीन परगण्यातील पीटरहेड या बंदरी गावी झाला. उत्तर समुद्राच्या काठचा हा मुलूख लालसर दगडाचा, वाऱ्याचा आणि उजेडाच्या दुष्काळाचा आहे. पीटरहेड साडेसत्तावन्न उत्तर अक्षांशावर येते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे भर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम नऊ अंश वर चढतो. त्याच दिवशी पुण्यास किंवा प्रवराकाठच्या बेलापुरास तो सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर असतो, आणि मे महिन्यात तर या दोन्ही ठिकाणी तो माथ्यावर येऊन माणसाची सावली पायाखाली दडवितो. हा फरक केवळ भूगोलाचा नाही. ज्याचा धंदाच छायाप्रकाशाचा, त्याच्या दृष्टीने तो उपजीविकेचा व कलेचा प्रश्न ठरतो.

स्कॉटिश चित्रकारांची दक्षिणेकडील ओढ कलेच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. वेल्सचा समकालीन जेकब मोर हा १७७३ पासून रोम येथे राहिला, तेथील निसर्गदृश्यांवर त्याने कीर्ती मिळविली आणि १७९३ मध्ये तेथेच तो वारला. पुढील शतकात वेल्सच्याच परगण्यात जन्मलेला जॉन फिलिप १८५१ मध्ये स्पेनला गेला आणि तेथील उन्हाने त्याची रंगपेटी इतकी पालटली की लोक त्याला स्पेनचा फिलिप म्हणू लागले. विसाव्या शतकात पेप्लो, कॅडेल, हंटर व फर्ग्युसन हे चौघे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडे वळले. या परंपरेत वेल्स सहसा गणला जात नाही. याचे कारण एवढेच की इटली व स्पेन येथे न थांबता तो सरळ मुंबईस आला. दक्षिण युरोपात जाणारा चित्रकार प्राचीन अवशेष व उत्तम ऊन या दोहोंच्या शोधात असे. वेल्सला हे दोन्ही कोकण व दख्खन येथे मिळाले. मात्र त्याचे येणे केवळ उन्हाच्या आकर्षणाने झाले असे मानणे भाबडेपणाचे होईल.

वेल्सचे शिक्षण अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजात झाले. चित्रकलेत मात्र तो बव्हंशी स्वशिक्षित होता. १७८० नंतरच्या दशकात तो लंडनला आला व तेथील प्रदर्शनांत त्याने आपली व्यक्तिचित्रे मांडली. त्या वेळी लंडनचा व्यक्तिचित्रांचा बाजार रेनॉल्ड्स, गेन्सबरो व रॉम्नी यांच्या हाती होता. परगण्यातून आलेल्या मध्यमवयीन चित्रकारास त्यात फारसा वाव नव्हता. उलट, हिंदुस्थानात जाऊन आलेल्यांच्या वार्ता उत्साहवर्धक होत्या. टिली केटल १७६८ मध्ये आला होता. हॉजिस १७८० ते १७८३ या काळात येथे राहून गेला. झोफनी १७८३ पासून लखनौ व कलकत्ता येथे सहा वर्षे राहिला. टॉमस डॅनिएल आपल्या पुतण्यासह १७८६ पासून देशभर हिंडत होता. या बहुतेकांची दृष्टी मद्रास, कलकत्ता व अयोध्येकडे होती. पश्चिम किनारा त्या मानाने मोकळा राहिला होता. १७९१ मध्ये वेल्स मुंबईस उतरला, तेव्हा त्याचे वय ४४ वर्षांचे होते. नवीन देशात नशीब काढण्यास हे वय उशिराचेच म्हणावयाचे.

मुंबईतील पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे १७९१ व १७९२ मध्ये, त्याने बेटाची व आसपासची जी दृश्ये टिपली त्यांपैकी १२ त्याच्या पश्चात १८०० मध्ये लंडन येथे ताम्रपटांवरून छापून प्रसिद्ध झाली. मलबार टेकडीवरून दिसणारा समुद्र, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारा खाडीचा विस्तार, माझगावच्या बाजूचे बंदर, वरळीकडील खिंडार बुजविणारा बांध अशी ही दृश्ये आहेत. मुंबईच्या सात बेटांचे एक शहर होण्याच्या प्रक्रियेचा हा आरंभकाळ होता. त्यामुळे स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने या संग्रहाचे मोल मोठे आहे. ताडामाडांच्या मधून दिसणारे पाणी, दूरवर फिकट होत गेलेले सह्याद्रीचे सुळके आणि या सर्वांवर पसरलेला दमट, किंचित पिवळसर उजेड हे त्यांतील वैशिष्ट्य होय. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हा उजेड पूर्णपणे वेल्सचा नाही. चित्रे छापली गेली तेव्हा तो हयात नव्हता. रेषा त्याच्या, पण रंग भरणारे हात लंडनमधील कारागिरांचे होते, आणि त्यांनी मुंबई पाहिलेली असण्याचे कारण नव्हते. दुपारच्या उन्हात कोकणातील हिरवा रंग जसा जळतो, तसा तो या चित्रांत कोठेच जळत नाही. सायंकाळचा मऊ प्रकाश युरोपीय अभिरुचीला इटलीच्या चित्रांतून सवयीचा झाला होता. तोच मुंबईवर घालण्यात आला.

वेल्सच्या जीवनाला खरे वळण मिळाले ते पुण्यास. कंपनीचा वकील चार्ल्स वॉर मॅलेट हा १७८६ पासून पेशवे दरबारी होता. मुत्सद्दी म्हणून तो सावध, व्यक्ती म्हणून जिज्ञासू होता. पुण्याच्या दरबाराची, लेण्यांची, पशुपक्ष्यांची चित्रे करवून घेण्याचा त्याला छंद होता. त्याच्या आश्रयाने वेल्स १७९२ मध्ये पुण्यास आला. हा काळ मोठा योगाचा होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये महादजी शिंदे बादशाहाकडील वकील-इ-मुतलकीचे बहुमान घेऊन पुण्यास दाखल झाला होता. म्हणजे मराठी राज्याचे तीन प्रमुख पुरुष, अठरा वर्षांचा पेशवा, पन्नाशीतील फडणीस आणि उत्तरेचा विजेता शिंदे, एकाच गावी, एकमेकांवर नजर ठेवून, काही महिने एकत्र नांदत होते. या तिघांनाही वेल्सने रंगविले.

सवाई माधवराव व नाना यांचे सेवकांसह काढलेले १७९२ चे मोठे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे. मराठी दरबारात व्यक्तिचित्रांची प्रथा नवीन नव्हती. परंतु राजपूत व दख्खनी परंपरेतील चित्रात व्यक्ती बाजूने दाखविली जाई, तिच्यावर सावली पडत नसे, आणि दर्जा वस्त्रालंकारांवरून ओळखावयाचा असे. वेल्सने तैलरंगांत, एका बाजूने येणाऱ्या उजेडात, चेहऱ्याच्या खळग्यांसह माणूस उभा केला. दरबारी मंडळींना आपल्या मुखावर काळसर छाया पडलेली पाहून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. नानाचे चित्र या दृष्टीने सर्वांत उल्लेखनीय होय. कागदांतून प्रतीत होणारा सावध, मितभाषी, कोणावरही विश्वास न टाकणारा नाना त्यात उतरला आहे असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. मात्र हे मत देताना उलट शक्यताही तपासली पाहिजे: कागदांतील नाना आधी मनात असतो आणि तोच मग चित्रात दिसतो. चित्राचा पुरावा कागदाच्या पुराव्याला दुजोरा देतो असे म्हणण्यापूर्वी ही पायरी ओलांडावी लागते. पाच वर्षांनी, ३१ डिसेंबर १७९७ रोजी, दौलतराव शिंद्याकडून याच नानास कैद झाली व अहमदनगरच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. १७९२ च्या चित्रात पुढील संकटाची छाया शोधणारे भाष्य वाचनात आले तर ते बाजूस ठेवावे. ती छाया खिडकीची आहे.

चित्र आणि इतिहास यांच्या संबंधाचे याहून अवघड उदाहरण म्हणजे मॅलेटच्या दरबाराचे प्रसिद्ध चित्र. टिपूविरुद्ध कंपनी, पेशवे व निजाम यांचा जो तह जून १७९० मध्ये झाला, तो मान्य होऊन आलेला कागद मॅलेटने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भर दरबारात पेशव्यास अर्पण केला. या प्रसंगाचे भव्य चित्र करण्याचे काम मॅलेटने वेल्सवर सोपविले. वेल्सने दरबारातील अनेकांच्या मुद्रा स्वतंत्रपणे टिपून घेतल्या, जागेची रेखाटने केली. पण चित्र पुरे होण्यापूर्वीच तो वारला. त्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएलने ते पूर्ण केले व १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत मांडले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाचे आहे. गणेश महालातील गजाननाची भव्य मूर्ती, खांबांच्या ओळी, बैठकीवर दाटीने बसलेले मानकरी, मध्यभागी पेशवा आणि त्याच्यासमोर तहनामा घेऊन इंग्रज वकील असा तो देखावा आहे.

आता या चित्राचा साक्षीदार कोण? १७९० च्या ऑगस्टमध्ये वेल्स अद्यापि मुंबईसही आलेला नव्हता. डॅनिएल तेव्हा गंगेकाठच्या प्रदेशात हिंडत होता. प्रसंग पाहिलेला एकच माणूस या व्यवहारात होता, तो म्हणजे चित्राची आज्ञा देणारा मॅलेट, आणि चित्राचा नायकही तोच. चेहरे १७९२ नंतरचे, प्रसंग १७९० चा, रंगलेपन १८०५ चे. तथापि शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्यामुळे त्याच्या अंतर्भागाचे इतके तपशीलवार दुसरे चित्र शोधणे कठीण, आणि वाड्याविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकास याच चित्राकडे वळावे लागते. तेव्हा विवेक असा करावा लागतो: खांब, कमानी, मूर्ती, पोशाख यांच्या बाबतीत चित्र विश्वसनीय आहे, कारण ते वेल्सने प्रत्यक्ष पाहून टिपले, माणसांची बसण्याची जागा, परस्परांतील अंतर, कोणाची मान किती वाकलेली, हे मॅलेटच्या स्मरणाचे व अभिमानाचे आहे. दरबारी शिष्टाचाराचे अनुमान या चित्रावरून काढणाऱ्यांनी हा भेद सहसा पाळलेला नाही.

पुण्यातील वेल्सच्या कामाचा आणखी एक भाग मराठी वाचकास अधिक जवळचा वाटेल. पेशव्यास चित्रकलेची आवड होती आणि मॅलेट व वेल्स यांच्या प्रेरणेने शनिवारवाड्यात चित्रशाळा चालविण्यात आली. तिच्याशी जे नाव निगडित आहे ते गंगाराम चिंतामण तांबट याचे. गंगाराम वेल्सचा शिष्य होता असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पेशव्याच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे. वेल्स मुंबईस येण्यापूर्वी गंगाराम मॅलेटसाठी काम करीत होता, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा दुसरा नको. १७९४ मध्ये मॅलेटने वेरूळच्या लेण्यांचे सविस्तर वर्णन तयार केले व ते पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात आले. त्यासाठी लेण्यांची रेखाटने केली ती गंगारामाने. वेल्सपाशी त्याने प्रमाणबद्ध आराखडा, यथादर्शन आणि पाणरंगाची छाया शिकून घेतली हे खरे. परंतु दगडी मूर्तीचे अवयव, आयुधे, आसने यांचे जे ज्ञान लागते ते वेल्सला गंगारामाकडून मिळाले असले पाहिजे. गुरु-शिष्याचे नाते येथे दोन्ही बाजूंनी चालत होते. वेल्सचा दुसरा साहाय्यक रॉबर्ट मॅबन याने पुढे १७९७ मध्ये कलकत्त्यास पौर्वात्य चालीरीतींवरील आपला रेखाटनसंग्रह स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. गंगारामाला असा संग्रह काढण्याची सोय नव्हती.

मार्च १७९३ मध्ये डॅनिएल चुलते-पुतणे मुंबईस आले. वेल्सने त्यांना घारापुरी, साष्टी व कार्ले येथील लेणी दाखविली. उन्हाच्या देशात आलेला हा चित्रकार एव्हाना अंधाराकडे वळला होता, असे म्हणावयास हरकत नाही. लेण्याच्या तोंडाशी येणारा प्रखर प्रकाश, चार खांबांनंतर त्याचा होणारा निळसर संधिप्रकाश आणि गाभाऱ्यातील काळोख हा जो उतार आहे, तो मोकळ्या निसर्गदृश्यात सापडत नाही. मुंबईच्या दृश्यांत जी युरोपीय गोडी आहे ती वेरूळच्या चित्रांत पुष्कळ कमी झालेली आढळते. कैलासाच्या चौकात दुपारी पडणारी उभी, धारदार सावली कोणत्याही इटालियन नमुन्यावर बेतता येत नाही; ती जशी आहे तशीच काढावी लागते.

पुण्याहून वेरुळास जाणारा मार्ग आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून जातो. भीमा व घोड या नद्या मागे टाकून नगर, तेथून टोक्यास प्रवरा-गोदावरीचा संगम, आणि पलीकडे औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा मुलूख. बेलापूर या मार्गाच्या वायव्येस, प्रवरेच्या वरच्या अंगास राहते. काळ्या जमिनीचे सपाट पट्टे, नदीकाठची बाभळ, आणि फाल्गुनापासून पांढुरके होत जाणारे आकाश हे या टापूचे रूप युरोपीय अभिरुचीच्या चौकटीत बसण्यासारखे नव्हते. ना कडा, ना धबधबा, ना पडका मनोरा. त्या काळच्या प्रवासी चित्रकारांनी घाटाचे सुळके आणि लेणी उचलली व मधला देश ओलांडून टाकला. इंग्रजी चित्रसंग्रहांवरून अठराव्या शतकातील महाराष्ट्राची कल्पना करणाऱ्यास हा प्रांत डोंगर, किल्ले व गुहा यांचाच बनलेला भासतो. ज्या सपाटीवर त्याचे धान्य पिकत होते आणि जिच्यावरून फौजा जात होत्या, ती चित्रांत नाही. या जिल्ह्याच्या दक्षिण टोकास खर्डे येथे ११ मार्च १७९५ रोजी पेशव्यांच्या फौजांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा वेल्सच्या आयुष्याचे आठच महिने उरले होते.

त्या विजयानंतरचे वर्ष पुण्यास फळले नाही. महादजी फेब्रुवारी १७९४ मध्येच वानवडीस वारला होता. ऑक्टोबर १७९५ च्या अखेरीस सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून २७ तारखेस मृत्यू पावला. वय एकवीस वर्षांचे. पुढच्याच महिन्यात, साष्टीतील लेण्यांचे काम चालू असता, वेल्स ठाणे येथे निवर्तला. तीन वर्षांपूर्वी रंगविलेल्या त्रिमूर्तीपैकी दोघे आणि त्यांना रंगविणारा असे तिघेही दोन वर्षांच्या आत गेले. पुणे दरबाराची जी चित्रमालिका मॅलेटने योजिली होती ती तेथेच खुंटली.

वेल्सच्या कामाचे पुढे काय झाले यात मॅलेटचे कर्तृत्व मोठे आहे. स्वदेशी परतल्यावर १७९९ मध्ये त्याने वेल्सची कन्या सुसाना हिच्याशी विवाह केला. त्यामुळे चित्रकाराचे कागद व रेखाटने कुटुंबातच राहिली. डॅनिएलने त्यांवरून वेरूळची २४ चित्रे कोरून १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. ती ज्या पद्धतीने छापली गेली तिच्यात तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवून आम्लाने टप्प्याटप्प्याने खाववितात. जितका वेळ आम्ल, तितकी छाया गडद. लेण्यांचा काळोख उतरविण्यास याहून योग्य तंत्र त्या काळी नव्हते. ग्रंथाच्या शीर्षकपत्रावर रेखाटने वेल्सची आणि कोरीव काम डॅनिएलच्या देखरेखीखालील असे नमूद आहे. तेथे गंगारामाचे नाव नाही. मॅलेटच्या वर्णनासाठी वेरूळ ज्याने कागदावर उतरविले, तो तांबट तांब्याच्या पत्र्यांवरून वगळला गेला. वेल्सवर याचा दोष ठेवता येत नाही, कारण तो आठ वर्षांपूर्वी वारला होता. पण त्यानंतर दीर्घकाळ वेरूळच्या पहिल्या चित्रांचे श्रेय लिहिताना युरोपीय लेखक दोनच नावे लिहीत राहिले, आणि त्यांचा अनुवाद करणारे मराठी लेखकही तीच दोन. पारसनीसांसारख्या संग्राहकांनी पुण्याच्या जुन्या हकीकतींत गंगारामाची आठवण जागविली नसती तर तेही नाव लोपले असते.

मॅलेट दांपत्यास आठ मुलगे झाले. त्यांपैकी ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट हा पुढे ठाण्याचा कलेक्टर असताना १८५० मध्ये माथेरानचा डोंगर चढला आणि तेथील थंड हवेची वार्ता त्याने मुंबईस पोहोचविली. ज्या जिल्ह्यात आजोबाने लेण्यांत काम करीत असता देह ठेवला, तेथेच नातवाने उन्हापासून पळण्याची जागा शोधून काढली, हा योगायोग गमतीचा खरा.

वेल्सची रोजनिशी, पत्रे व रेखाटनांच्या वह्या, आणि त्यांच्याबरोबर गंगाराम व मॅबन यांची शेकड्यांनी चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. २०११ मध्ये तेथे भरलेल्या प्रदर्शनात ती एकत्र मांडली गेली, आणि २०२२ मध्ये हॉली शॅफर यांच्या पश्चिम हिंदुस्थानातील कलाव्यवहारावरील ग्रंथाने त्यांचा सविस्तर परामर्श घेतला. त्यात गंगाराम हा साहाय्यक म्हणून नव्हे तर स्वतंत्र चित्रकार म्हणून येतो. या वह्यांतील गंगारामाचे पैलवान, बैरागी, घोडे आणि तो १७९० चा गेंडा पाहिले म्हणजे सावलीचा उपयोग तो कसा करतो हे ध्यानात येते. वेल्सच्या चित्रांत उजेड एका बाजूने येतो आणि वस्तूला गोलाई देतो; गंगाराम कडेकडेने छाया भरतो, जशी भांडे ठोकताना कडेवरची घडण आधी बसवितात, आणि मधला भाग बहुधा उजळ सोडतो.